बीबीसी मायक्रोचं चित्र सपाट पडद्यावर का बिघडतं आणि ते कुठे सुधारायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या अडगळीच्या खोलीत बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा ऐंशीच्या दशकातला संगणक सापडला, आणि तो चालतोही. मागच्या बीएनसी सॉकेटातून एव्ही केबल काढून २४ इंची एलईडी टीव्हीला लावली, तर चित्र कृष्णधवल आलं आणि मोड ० मधली (या संगणकात चित्राच्या ० ते ७ अशा मांडण्या असतात, त्यांना मोड म्हणतात) ८० अक्षरांची ओळ वाचताच येईना. मग जीबीएस-८२०० हा स्वस्तातला कन्व्हर्टर बोर्ड आणून आरजीबी सॉकेटाला, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळ्या तारांनी देणाऱ्या सॉकेटाला, जोडला. रंग आले, पण भडक. अक्षरांच्या उभ्या रेघा काही जाड, काही बारीक, आणि चित्र सारखं थरथरतंय. आता सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घ्यावी का, असं विचारलं आहे.

केबल घेऊ नका. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशातला तो प्रकार होईल. तुमच्या तक्रारीत तीन-चार वेगवेगळे रोग एकत्र दिसताहेत आणि त्यातला एकही केबलचा नाही. एक रोग तर फुकटात बरा होण्यासारखा आहे.

हे यंत्र शाळेत सापडलं यात नवल नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा शाळांना बीबीसी मायक्रोच दिले होते. त्यामुळे आपल्याकडे ही यंत्रं अजून अधूनमधून निघतात. म्हणूनच आधी चित्राशी संबंध नसलेली एक गोष्ट सांगतो. याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी कागदी इन्सुलेशनचे पिवळसर पारदर्शक फिल्टर कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि एक दिवस यंत्र चालू असताना फाट आवाज होऊन खोलीभर उग्र धूर होतो. आपल्या पावसाळ्यात तर हे लवकर घडतं. तो आज चालतोय यावर विसंबू नका. एक्स-२ दर्जाचे नवे कपॅसिटर बसवून घ्या, मगच तासन्‌तास चालवा. मेन्सचं काम आहे, सवय नसेल तर जाणत्याकडून करून घ्या.

आता चित्राकडे. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये किरण डावीकडून उजवीकडे धावायचा आणि व्होल्टेज वरखाली होईल तसा उजळ-मंद व्हायचा. आडव्या दिशेत पिक्सेल नावाचा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता. सपाट पडदा मात्र आलेला सिग्नल आधी ठराविक अंतराने मोजतो आणि त्या मोजमापांचे आकडे पडद्यावर मांडतो. संगणकाने पिक्सेल एका तालात पाठवले आणि टीव्हीने दुसऱ्याच तालात मोजले, की सिग्नल कितीही शुद्ध असला तरी अक्षरं फाटतात. बहुतेक लोक सिग्नल शुद्ध करण्यावर पैसे घालतात आणि या तालाकडे बघतही नाहीत.

तुमच्या यंत्राचे आकडे घेऊ. मोड ० मध्ये आडवे ६४० पिक्सेल, पिक्सेलचा वेग १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक पिक्सेल ६२.५ नॅनोसेकंदांचा. एक पूर्ण ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणजे एका ओळीत पिक्सेलची घरं बरोबर १०२४. त्यातली ६४० दिसतात, बाकीची समास आणि सिंक, म्हणजे ओळ कुठे सुरू होते ते सांगणारा इशारा, यांत जातात. आता टीव्ही काय करतो? टीव्हीचा सिग्नल मोजण्याचा ठरलेला जागतिक वेग १३.५ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे त्याच ओळीत ८६४ मापं. तुमच्या ६४० पिक्सेलच्या वाट्याला त्यातली ५४० येतात. आठ पिक्सेल रुंदीच्या एका अक्षराला पावणेसात मापं! कुठल्या रेघेला एक पूर्ण माप मिळतं, कुठली रेघ दोन मापांत अर्धी-अर्धी वाटली जाते. जाड-बारीक उभ्या रेघांचं मूळ हे आहे.

कंपोझिटमध्ये, म्हणजे सगळं चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या त्या बीएनसीच्या जोडणीत, याच्या जोडीला आणखी अडचणी. आपल्याकडच्या रंगीत टीव्हीच्या पाल पद्धतीच्या सिग्नलमध्ये रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या वाहक लहरीवर बसलेली असते. मोड ० मध्ये एक आड एक पांढरा-काळा पिक्सेल असेल तर तो ८ मेगाहर्ट्झचा सिग्नल होतो. कंपोझिटच्या वाटेने तो टीव्हीपर्यंत धड पोचतच नाही. ४० अक्षरांच्या मोडमध्ये तोच आकडा ४ मेगाहर्ट्झ होतो, रंगाच्या वाहकाला अगदी खेटून. मग टीव्हीला बारीक रेघा म्हणजे रंग वाटतो आणि अक्षरांच्या कडांना इंद्रधनुष्य येतं. तुमचं चित्र कृष्णधवल आलं ही बिघाडाची खूण नाही. या यंत्राच्या बीएनसी सॉकेटातून मुळात रंग येत नाही. नंतरच्या बोर्डांवर एस-३९ नावाची लिंक (बोर्डावरचा छोटा जोड) जोडली तरच येतो. ती जोडू नका. रंग हवा असेल तर आरजीबी घ्या, आणि कंपोझिट वापरायचंच असेल तर ते कृष्णधवलच जास्त स्वच्छ दिसतं. पण ८० अक्षरांसाठी कंपोझिटचा नाद सोडा. तिथे सुधारण्यासारखं काही नाही.

म्हणजे तुम्ही आरजीबीकडे वळलात ते योग्यच केलंत. फक्त जोडणी नीट झालेली नाही. मागचं सहा पिनांचं डिन सॉकेट बघा: १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ कंपोझिट सिंक, ५ ग्राउंड आणि ६ वर थेट +५ व्होल्ट. ही सहावी पिन केबलमध्ये घेऊच नका, नाहीतर एखादा तंतू सुटून शेजारच्या पिनेला लागेल. या सॉकेटातले रंग टीटीएल पातळीचे, म्हणजे एकतर बंद नाहीतर पूर्ण चालू. व्हीजीएसारख्या अ‍ॅनालॉग इनपुटला मात्र ७५ ओहमवर ०.७ व्होल्ट हवे असतात. तुम्ही त्याच्या कितीतरी पट देताय, म्हणून रंग भडक. नुसते भडक असते तरी चाललं असतं, पण इनपुट असं ओसंडलं की पांढऱ्यानंतर येणाऱ्या काळ्याला सावरायला वेळ लागतो आणि अक्षरांना उजवीकडे शेपटी फुटते.

इलाज काही रुपयांचा. तिन्ही रंगांच्या तारांत एकेक रेझिस्टर मालिकेत टाका. हिशोब सोपा आहे: संगणकाकडून ४ व्होल्ट येत असतील आणि समोर ७५ ओहम असतील, तर ३३० ओहमच्या रेझिस्टरने समोर ०.७४ व्होल्ट उरतात. संगणकाच्या स्वतःच्या अंतर्गत रोधामुळे प्रत्यक्षात थोडे कमी. आधी मोजा आणि मग आकडा ठरवा; ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम, नाहीतर पूर्ण पांढऱ्या पडद्यावर चढती-उतरती किंमत लावून बघा. पांढरा नुकताच मळकट दिसायला लागतो, त्याच्या एक पायरी आधी थांबायचं. रेझिस्टर एक टक्क्याचे घ्या, म्हणजे तिन्ही सारखे निघतील. बोर्डावर तीन छोटे ट्रिमर दिसतील, ते रंगांची पातळी कमी-जास्त करतात. तिघांत फरक असेल तर पांढऱ्याला गुलाबी किंवा हिरवी छटा येते, आणि माणसं विनाकारण संगणकाच्या आयसीवर संशय घेतात.

समोर ७५ ओहम खरोखर आहेत की नाहीत हेही बोर्ड बंद असताना मल्टिमीटरने बघून घ्या. तो रोध नसेल तर सिग्नल कितीतरी पट मोठा राहतो, चुकून दोन ठिकाणी लागला असेल तर चित्र मंद. केबलचा मुद्दा इथेच निकालात काढू. साध्या कोअ‍ॅक्समध्ये सिग्नलला मीटरभर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. दोन मीटरच्या केबलमध्ये प्रतिध्वनी जाऊन परत येईपर्यंत २० नॅनोसेकंद, म्हणजे एका पिक्सेलचा तिसरा हिस्सा. डोळ्याला दिसायचं नाही. दहा मीटरवर तोच प्रतिध्वनी दीड पिक्सेल उशिरा येईल, तेव्हा सावली दिसेल. म्हणून केबल लहान ठेवा आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र शील्ड असलेली घ्या. जुन्या मॉनिटरची जाड व्हीजीए केबल कापली तर आत तीन बारीक कोअ‍ॅक्स मिळतात, त्या कामाला उत्तम. मुलाम्याने यात काडीचाही फरक पडत नाही.

थरथर. 'थरथरतं' म्हणजे नेमकं कसं, हे पडद्याला नाक लावून बघा. अक्षरं वर-खाली नाचत असतील तर कारण एक, डावी-उजवीकडे शहारत असतील तर दुसरं.

वर-खाली असेल तर ते इंटरलेस. बीबीसी मायक्रो चालू होतो तेव्हा तो टीव्हीसारखे दोन आलटून-पालटून फील्ड, म्हणजे ओळींचे दोन फेरे, पाठवतो, एक अर्धी ओळ वर आणि एक अर्धी ओळ खाली. मोड ० ते ६ मध्ये दोन्ही फील्डमधलं चित्र एकच असतं, तरी कन्व्हर्टर प्रामाणिकपणे त्यांना वरखाली मांडतो. 'स्टार टीव्ही ० स्वल्पविराम १' (*TV 0,1) ही आज्ञा द्या आणि त्यानंतर मोड पुन्हा निवडा; मोड बदलल्याशिवाय ती लागू होत नाही. इंटरलेस बंद, फील्ड ३१२ ओळींचं, नाच थांबला. फुकटचा इलाज म्हणालो तो हाच. माझ्या अंदाजाने तुमची निम्मी तक्रार इथेच संपेल.

डावी-उजवीकडे शहारत असेल तर सिंककडे बघा. कन्व्हर्टर प्रत्येक ओळीची सुरुवात सिंकच्या पडत्या कडेवरून ठरवतो. ती कड तिरकी किंवा खरखरीत असेल तर दर ओळ थोडी मागे-पुढे सुरू होते. कंपोझिट चित्रालाच सिंक म्हणून वापरू नका. उजळ भाग आला की त्या ओळी बाजूला सरकतात. चार नंबर पिनेवरचा स्वच्छ सिंक घ्या, त्याला स्वतःचं शील्ड द्या. सिंक उलट्या ध्रुवतेचा येत असेल तर ती बदलायला आतल्या बोर्डावर एस-३१ ही लिंक आहे. ७५ ओहमच्या सिंक इनपुटाला तो जोडायचा झाला तर मालिकेत ४७० ओहम टाका, थेट पाच व्होल्ट देऊ नका.

तिसरा प्रकारही असतो: फिकट आडवा पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत राहतो. तो मेन्सचा. इथे मात्र यंत्राची वायरिंग तपासावी लागते. पॉवर सप्लायपासून मुख्य बोर्डाकडे ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या अनेक तारा चपट्या स्पेड क्लिपने जोडलेल्या असतात. त्या क्लिप काळ्या पडतात, सैल होतात आणि त्यांच्यातच थोडं व्होल्टेज वाया जातं. काढून घासा, चिमट्याने घट्ट करा, आणि मग व्होल्टेज सप्लायपाशी नाही तर बोर्डावर, आयसीच्या पायांवर मोजा. बरेचदा 'व्हिडिओ सुधारणा' एवढ्यावरच होते. पडद्यावर तुरळक चमकते ठिपके उठत असतील, आणि विशेषतः यंत्र तापल्यावर उठत असतील, तर फेरांटीचा व्हिडिओ युएलए, म्हणजे चित्र घडवणारी आयसी, सॉकेटातून काढून पुन्हा बसवा. तो चांगलाच तापतो, हीट सिंक नसेल तर लावून टाका.

अर्थिंगचं आपल्याकडे विशेष बघावं लागतं. टीव्ही दोन पिनांचा, कन्व्हर्टरचा अडॅप्टर दोन पिनांचा, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला आत तारच नाही, असं घरोघरी असतं. अशा वेळी टीव्हीच्या चेसिसला हात लावला की हलका झटका लागतो, म्हणजे गळतीच्या करंटला जायला वाट नाही. तुम्ही चालू यंत्रात व्हिडिओ केबल खुपसली की ती वाट तुमच्या व्हिडिओ आयसीतून निघते. सगळं बंद असताना केबल जोडा, मग वीज द्या, आणि सगळी उपकरणं एकाच खऱ्या अर्थिंगच्या बोर्डावर ठेवा.

एवढं झालं की चित्र स्थिर आणि योग्य रंगाचं येईल. जाड-बारीक रेघा मात्र राहतील, कारण ताल अजून जुळलेला नाही. तो जुळवायचा तर मोजणाऱ्याला सांगता यायला हवं की बाबा, ओळीत १०२४ मापं घे. जीबीएसच्या मूळ फर्मवेअरमध्ये तशी मोकळीक नाही. त्याच बोर्डावर ईएसपी-८२६६ हा छोटा वाय-फाय बोर्ड जोडून चालणारं जीबीएस-कंट्रोल हे मुक्त फर्मवेअर टाकलं तर बोर्ड पुष्कळ सुधारतो. हात सोल्डरिंगला सरावलेला असेल तर तोच स्वस्त मार्ग. ओएसएससी या स्कॅन कन्व्हर्टरमध्ये तर मापांचा आकडा आणि फेज, म्हणजे माप नेमकं कोणत्या क्षणी घ्यायचं ते, दोन्ही मेनूतून बदलता येतात.

जुळवायची पद्धत कुठल्याही उपकरणाला सारखीच. मोड ० मध्ये पडदाभर एक आड एक उभ्या रेघा काढा. बेसिकमध्ये पडदा १२८० गुणिले १०२४ एककांचा धरलेला असतो आणि मोड ० चा एक पिक्सेल दोन एकक रुंद, म्हणून शून्यापासून दर चार एककांना खालपासून वरपर्यंत रेघ ओढली की झालं. पडद्यावर आता रुंद, राखाडी, पुसट पट्टे दिसतील. ते पट्टे म्हणजे तुमची चूक मोजायची पट्टीच आहे. ओळीतल्या मापांचा आकडा १०२४ पेक्षा आठाने चुकला असेल, तर पूर्ण ओळीत आठ पट्टे पडतात, त्यातले दिसणाऱ्या भागात पाच. आकडा एकेकाने बदलत जा, पट्टे कमी होत जातील आणि एका आकड्यावर सगळा पडदा एकसारखा होईल. तो एकसारखा राखाडी असला तरी घाबरू नका. ताल जुळलाय, फक्त माप दोन पिक्सेलच्या सांध्यावर पडतंय. आता फेज हलवा. एका जागी राखाडी एकदम फुटून कोरीव काळ्या-पांढऱ्या रेघा उभ्या राहतील. त्याच्या दोन्ही बाजूंना फेज किती हलवता येते ते बघा आणि मधोमध सोडा, म्हणजे यंत्र तापल्यावरही जागा सुटणार नाही. 'ऑटो अ‍ॅडजस्ट' हेच करायचा प्रयत्न करतं, पण काळ्या पडद्यावर चार अक्षरं असताना त्याला काही उमगत नाही. ते बटण दाबायचंच असेल तर हाच रेघांचा पडदा समोर असताना दाबा.

तरी माझं मत विचाराल तर या विशिष्ट यंत्रासाठी एवढा खटाटोप करू नका. आरजीबीटुएचडीएमआय घ्या किंवा बनवा. रास्पबेरी पाय झिरोवर बसणारा हा छोटा बोर्ड आहे आणि तो सुरुवातीला बीबीसी मायक्रो डोळ्यांसमोर ठेवूनच घडवला गेला. या संगणकाचे रंग मुळातच चालू-बंद, एकूण आठ. त्यांना अ‍ॅनालॉग समजून व्होल्टेज मोजत बसण्याची गरजच नाही, नुसतं शून्य की एक एवढं योग्य क्षणी वाचलं की पुरे. हा बोर्ड तेच करतो, म्हणून त्याला ते ३३० ओहमचे रेझिस्टरही लागत नाहीत. अमिगा संगणकासारख्या खऱ्या अ‍ॅनालॉग आरजीबीच्या यंत्राला मात्र त्यावर वेगळा अ‍ॅनालॉग जोडबोर्ड लागतो.

पडदा निवडताना २४ इंचीच्या मागे लागू नका. ऑफिसांतून निघालेले १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटर, १२८० गुणिले १०२४ पिक्सेलचे, अजून जुन्या मालाच्या दुकानांत पडून असतात. मोड ० आहे ६४० गुणिले २५६. आडवे दुप्पट १२८०, उभे चौपट १०२४. पडदा काठोकाठ भरतो आणि एकही पिक्सेल अर्धवट पसरवावा लागत नाही. वर्तुळं मूळ टीव्हीपेक्षा साधारण आठ टक्के रुंद दिसतील, तेवढं अक्षरांच्या धारेसाठी मी आनंदाने सोसतो. अट एकच: मॉनिटरने ५० हर्ट्झ घ्यायला हवं. आपल्याकडचे टीव्ही पालच्या देशातले असल्यामुळे कुरकुर करत नाहीत, पण संगणकाचे कित्येक मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणून तोंड फिरवतात. कन्व्हर्टरला ६० हर्ट्झ द्यायला लावलं तर चित्र येतं, फक्त सरकणारा मजकूर अडखळत सरकतो. जुना मॉनिटर घेताना यंत्र सोबत नेऊन लावून बघणं बरं. टीव्हीच वापरणार असाल तर शार्पनेस शून्यावर, नॉइज रिडक्शन बंद, आणि कडा कापणारं ओव्हरस्कॅन बंद करा.

कोणाकडे स्पेक्ट्रम हा त्याच काळातला दुसरा संगणक असेल, म्हणजे १९८६ मध्ये डेसिबेल्सने परवान्यावर इथे आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, तर त्याचा मार्ग वेगळा. त्यात आरजीबी बाहेर येतच नाही, फक्त आरएफ, म्हणजे टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटात जाणारा सिग्नल. तो आरएफ बनवणाऱ्या मॉड्युलेटरच्या डब्याआधीच कंपोझिट सिग्नल तयार असतो, तो तिथूनच उचलून आरसीए सॉकेटाला दिला की निम्मा कचरा जातो. त्याचा पिक्सेल वेग ७ मेगाहर्ट्झ, म्हणजे ओळीत ४४८ घरं. रंगाचा क्रिस्टल त्याच्याशी जुळवलेला नसल्याने रंगांच्या कडांवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. त्या कंपोझिटमध्ये राहणारच.

राहिला मोड ७, जो चालू करताच समोर येतो. तो टेलिटेक्स्टचा, म्हणजे टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या पद्धतीचा. एसएए-५०५० ही आयसी अक्षरांचे कोपरे गोलसर करायला दोन्ही फील्ड खरोखर वेगवेगळी वापरते, म्हणून तिथे इंटरलेस बंद होत नाही. त्याचा तालही वेगळा: १२ मेगाहर्ट्झ, ओळीत ७६८ मापं. मोड ० साठी बसवलेली सेटिंग इथे लावली की पुन्हा पट्टे दिसणार. कन्व्हर्टरमध्ये दोन प्रोफाइल जतन करून ठेवा, एक १०२४ चं आणि एक ७६८ चं. दुसऱ्यात, कन्व्हर्टरमध्ये सोय असेल तर, दोन्ही फील्ड एकत्र विणणारं डीइंटरलेस चालू असू द्या. आरजीबीटुएचडीएमआय मोड ओळखून हा बदल आपोआप करतो, ओएसएससीवर तो रिमोटने करावा लागतो.